अस्तराचे कागद

मशीन बुधवारी न्यायचं ठरलं होतं, म्हणून मिस्त्री सोमवारी सकाळीच ते उघडायला आला.

मशीन म्हणजे पायाने चालवायचं जुनं ट्रेडल. ताईंच्या छापखान्यात ते चाळीस वर्षं एकाच जागी उभं होतं. छापखाना दोन खोल्यांचा. बाहेर मशीन, आत छपाईच्या शिशाच्या खिळ्यांचे खण, म्हणजे केसा, आणि ताईंचं टेबल. एवढ्याशा जागेतून ताईंनी शहाण्णव पुस्तकं काढली. कवितेची जास्त, म्हणजे खपणारी कमी. पोट भरायचं ते शाळांच्या अहवालांवर आणि लेटरहेडांवर, आणि हौस भागवायची पुस्तकांवर, असा सगळा कारभार. ताईंनी लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायच्या, "केलंय की. तो काय, बाहेरच्या खोलीत उभा आहे. आवाज करतो, पण उलट बोलत नाही."

आता त्यांना शहात्तरावं लागलं होतं. गुडघे बोलत होते. मशीन चालवणारा मामा जाऊन आठ वर्षं झाली होती आणि तेव्हापासून मशीनही गप्प होतं, पुस्तकं बाहेरून छापून यायची. तेवढ्यात वाचनालयाने ते मागून घेतलं. आमच्या दालनात ठेवू, लोक बघतील, म्हणाले. शनिवारी छोटासा समारंभ ठेवला होता आणि त्यात टपालबाई बोलणार होत्या.

टपालबाई ताईंची जिवाभावाची मैत्रीण. जन्मभर पोस्टात नोकरी केली म्हणून छापखान्यात सगळे त्यांना टपालबाई म्हणायचे, ते नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. तीस वर्षं दर रविवारी त्या छापखान्यात येऊन प्रुफं वाचत. फुकट. लाल पेन्सिल स्वतःची आणायच्या, चहा तेवढा ताईंचा.

"मावशी, लांब उभी राहा गं," भाची म्हणाली. ही ताईंच्या बहिणीची मुलगी, आवराआवर करायला चार दिवस येऊन राहिली होती. "मिस्त्री, जपून हं. मावशीचा जीव अडकलाय त्यात."

"जीव अडकला असता तर तेल नसतं दिलं का?" मिस्त्री म्हणाला. "काय गंजलंय! आणि हे बघा आजी, ह्याच्या पोटात काय काय भरून ठेवलंय!"

ट्रेडलमध्ये एका बाजूला खिळे बसवलेली चौकट असते आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी पाट. दोन्ही जबड्यासारखे मिटतात आणि मधला कागद छापून निघतो. पण लोखंडावर लोखंड आपटून भागत नाही. पाटावर कडक कागदांची चवड बसवावी लागते. मामा तिला अस्तर म्हणायचा. अस्तर कमी पडलं तर अक्षर फिकं उमटतं, जास्त झालं तर कागद फाटतो. वरचे कागद काम बदलेल तसे बदलायचे, पण तळाचे एकदा बसले की मामा त्यांना हात लावू देत नसे. "बसलेलं उठवू नये ताई," म्हणायचा.

मिस्त्रीने लोखंडी पट्ट्या उचकटल्या आणि ती चवड ओढून काढली. पुठ्ठ्यासारखी घट्ट झाली होती. वर खाकी कागद, त्याखाली जुन्या कॅलेंडरांची पानं, आणि त्याच्याही खाली एका बाजूला लिहिलेले, गुळगुळीत, पिवळे पडलेले कागद. निळी शाई. उजवीकडे झुकलेलं बारीक अक्षर.

"अगंबाई, हे तर कुणीतरी हाताने लिहिलंय!" भाची म्हणाली. "कुणाचं गं, मावशी?"

ताईंनी कागद तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतले.

"असंच काहीतरी," त्या म्हणाल्या. "रद्दी."

तो शब्द तोंडातून गेला आणि त्यांच्या कानशिलांवर ऊन ऊन झालं. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी हाच शब्द वापरला होता.

तेव्हा टपालबाई त्यांच्या कुणी नव्हत्या. चाळिशी ओलांडलेली एक बुटकी बाई, ऑफिस सुटल्यावर आली, पिशवीतून एक गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. सुतळीने बांधलेला, गाठ अशी की पोस्टातल्याच माणसाला मारता यावी. एकशेचाळीस पानं. "कादंबरी आहे. म्हणजे, असावी," ती म्हणाली आणि लाजली. "दुसरी प्रत नाही माझ्याकडे. सावकाश वाचा, पण वाचा."

"वाचते की," ताई म्हणाल्या.

गठ्ठा फळीवर गेला. एक महिना गेला, चार गेले. गाठ सुटली नाही. ताईंचं तेव्हा नाव व्हायला लागलं होतं, मोठमोठे लेखक पायऱ्या चढायला लागले होते. पोस्टातली बाई काय लिहिणार, असं त्या मोठ्याने कधी म्हणाल्या नाहीत. मनात मात्र म्हणाल्या, आणि न वाचताच परत पाठवायचं ठरवून टाकलं. तेही राहून गेलं.

मग एका शाळेच्या अहवालाचं काम आलं. घाईचं. कागदवाल्यांचं दुकान आठवडाभर बंद, आणि अस्तराचा कागद संपलेला. मामा हात पुसत आत आला.

"ताई, कडक कागद पायजे. नाहीतर अक्षर उठत नाही."

ताई प्रुफात डोकं घालून बसल्या होत्या. त्यांनी पेन्सिलीनेच फळीकडे खूण केली.

"ते घ्या."

मामाने गठ्ठा उतरवला, एक कोपरा बोटांत धरून वाकवून बघितला. "कागद झकास आहे. पण ताई, हे कुणाचं तरी लिहिलेलं आहे. गाठसुद्धा सोडलेली नाही."

"परतच करायचं आहे ते."

"मग परत काय करायचं?"

"मामा, रद्दी आहे हो ती. तुम्ही मशीन बघा."

मामाने गठ्ठा कपाळाला लावला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण लिहिलेल्या कागदावर पाय पडला तर हात लावून नमस्कार करणारा. मग त्याने खिशातली सुरी काढून सुतळी कापली. तो आवाज ताईंनी ऐकला. मान वर केली नाही.

पुढच्याच महिन्यात ती बाई विचारायला आली. बाहेर मशीन धडधडत होतं आणि तिची पानं आत दर मिनिटाला मार खात होती. बाई त्या मशीनकडे पाठ करून उभी होती.

"झालं का वाचून?"

अजून सांगता आलं असतं. निम्मीअधिक पानं तरी तेव्हा शाबूत असतील. पण ताईंची जीभ त्यांच्या आधी धावली.

"अहो, परत पाठवलं की मी! परवाच. पोस्टाने."

वाक्य संपायच्या आत त्यांच्या लक्षात आलं की आपण हे कुणाला सांगतोय. जगात एवढी माणसं असताना पोस्टातल्या बाईला!

"रजिस्टर केलंत?"

"नाही. साधंच."

साध्या टपालाची नोंद कुठेच नसते, हे दोघींनाही माहीत होतं.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. डोळे सुजलेले. ताईंनी मनाची तयारी केली होती, आता भांडेल, आता पितळ उघडं पडेल. बाई म्हणाली, "ताई, माफ करा हं."

"मी?"

"नाही, तुम्ही नाही. मी माफी मागते. त्या आठवड्यात सॉर्टिंगला मीच होते. आपल्या भागाची सगळी पाकिटं माझ्याच हातून गेली. म्हणजे माझ्याच हातून कुठल्या तरी चुकीच्या थैलीत पडलं. सगळ्या थैल्या उपसल्या मी, चार ऑफिसांना लिहिलं. तुमच्या जिवाला उगाच घोर."

ताईंनी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार होत्या?

त्या बाईने स्वतः अर्ज करून सॉर्टिंग सोडलं आणि तिकिटांच्या खिडकीवर जाऊन बसली. सॉर्टिंग तिला फार आवडायचं, पत्ता वाचला की हात आपोआप खणाकडे जायचा म्हणे. "आपल्या हाताचा भरवसा गेला की त्या कामावर बसू नये," एवढंच ती म्हणाली. आणि पुढच्या रविवारी प्रुफं वाचायला आली. "लिहायचं पुन्हा जमेल असं वाटत नाही. मनात होतं ते कागदावर गेलं, कागदावरचं टपालात गेलं. आता डबा रिकामा! निदान दुसऱ्यांचं तरी नीट वाचते." आणि हसली.

त्या हसण्यानेच ताईंची खरी कोंडी केली. भांडली असती तर परवडलं असतं.

तेव्हापासून ताईंनी एक वही सुरू केली. आलेलं प्रत्येक हस्तलिखित त्यात चढवायचं, आठवड्यात वाचायला घ्यायचं, नको असेल तर खाकी कागदात बांधून स्वतःच्या हाताने नेऊन द्यायचं आणि 'परत मिळालं' म्हणून सही घ्यायची. लेखक मंडळी भारावून जायची. ताईंकडे दिलेला कागद बँकेतल्या तिजोरीत ठेवल्यासारखा, असं जो तो म्हणायचा. कुणी तसं म्हटलं की ताई चष्मा पुसायला घ्यायच्या. लोकांना वाटायचं, काय हा विनय!

सांगायचं मनात यायचं. टपालबाईंची आई गेली तेव्हा सांगायचं होतं, पण दुःखात कुठे, म्हणून राहिलं. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी सांगायचं होतं, पण आनंदात कुठे, म्हणून राहिलं. मामा शेवटच्या दुखण्यात म्हणाला होता, "ताई, त्या बाईंचे कागद..." ताई म्हणाल्या, "पडून राहा मामा, बोलायचे श्रम नकोत." मामाने भिंतीकडे तोंड केलं.

आणि आता हे कागद आपल्या पायांनी बाहेर आले होते.

दुपारी भाची जरा लवंडली तेव्हा ताईंनी चवड टेबलावर घेतली. ओला फडका फिरवून, बोथट सुरी घालून एकेक कागद सोडवला. अकरा पानं निघाली. बाकीची वर्षानुवर्षं वरच्या थरांबरोबर निघून गेली असणार, मामाने चुरगाळून टोपलीत टाकली असणार. या अकरांवर दाब पडून पडून खिळ्यांचे वळ उठले होते. बोट फिरवलं की लागायचे. ओळींवर ओळी, पुस्तकांवर पुस्तकं. ज्या कवितांसाठी ताईंची वाहवा झाली त्या सगळ्या या बाईच्या पाठीवर छापलेल्या होत्या. ताईंनी बोट मागे घेतलं.

मग त्यांनी वाचायला घेतलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

दोन बहिणींची गोष्ट होती. आई गेल्यावर दोघी घर आवरायला येतात. आईच्या ट्रंकेला कुलूप आहे, किल्ली धाकटीकडे आहे आणि ती तसं सांगत नाही. थोरली घरभर किल्ली शोधते आणि धाकटी तिच्याबरोबर शोधायचं सोंग करते. फडताळं उपसते, उश्या उसवते. ताई पान उलटत गेल्या. मधली पानं नव्हती. शेवटच्या पानावर थोरली थकून ट्रंकेवरच बसते आणि म्हणते, 'माझ्याच हातून कुठेतरी पडली बघ.' तिथे पान संपलं होतं.

ताईंनी चष्मा काढला. खोलीत कुणी नव्हतं, तरी त्यांना पदराने तोंड झाकावंसं वाटलं.

मंगळवारी त्यांनी तीनदा फोन उचलला. चौथ्यांदा टपालबाईंचाच आला.

"ताई, भाषण लिहून झालं. शेवट वाचून दाखवू? हसायचं नाही हं. 'ताईंकडे गेलेला कागद कधी हरवला नाही. हरवला तो एकच, आणि तो ताईंनी नव्हे, आमच्या पोस्टाने हरवला. खरं सांगायचं तर माझ्याच हाताने हरवला.' इथे लोक जरा हसतील, नाही का? बरं वाटेल ऐकायला."

"नको," ताई म्हणाल्या.

"काय नको?"

"ते वाक्य नको."

"अहो, माझी चूक मी सांगतेय, तुम्हाला काय त्याचं! एवढी वर्षं झाली. आता सगळ्यांसमोर म्हणून टाकलं की सुटले मी."

ताईंनी फोन ठेवला. शनिवारी ही बाई शंभर माणसांसमोर उभी राहणार, न केलेल्या चुकीची कबुली देणार, आणि आपण पहिल्या रांगेत शाल पांघरून ऐकणार. त्याआधी बोललं नाही तर पुन्हा बोलायला तोंडच उरणार नव्हतं.

बुधवारी मशीन गेलं. चार माणसांनी कण्हत उचललं. भाचीला वाटलं, मावशी आता रडेल. मावशीचं तिकडे लक्षच नव्हतं. खाली फरशीचे चार चौकोन नवेकोरे निघाले, त्यांच्याकडे ती बघत उभी होती.

गुरुवारी सकाळी ताईंनी अकरा पानं खाकी कागदात बांधली. वही पिशवीत टाकली. टपालबाई दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. बत्तीस पायऱ्या. एरवी ताई दर वळणावर थांबायच्या, आज थांबल्या नाहीत. थांबलो तर खाली जाऊ, हे त्या स्वतःला ओळखून होत्या.

"ताई! अहो, गुडघे विकत आणलेत का नवीन? मला बोलवायचं!" टपालबाईंनी खुर्ची ओढली. "बसा. चहा टाकते."

"चहा नको. आधी हे उघडा."

टपालबाईंनी पुडकं हातात घेतलं, सवयीने वजन केलं. "पन्नास ग्रॅम," म्हणाल्या आणि सुतळी सोडली. मग त्यांचा हात थांबला. माणूस स्वतःचं अक्षर किती वर्षांनी बघतो त्यावर काही नसतं, ते लगेच ओळखू येतं.

"कुठे मिळालं?" त्या हळूच म्हणाल्या. "कुठल्या ऑफिसात?"

"ऑफिसात नाही. बाई, मी ते टपालात टाकलंच नव्हतं."

आणि ताईंनी सगळं सांगितलं. फळी, सुतळी, मामाची सुरी. 'रद्दी' हा शब्दही सांगितला. तो गाळायचा मोह झाला होता. सांगताना त्यांनी वर बघितलं नाही, टपालबाईंच्या टेबलाच्या पायाकडे बघत बोलल्या.

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

"म्हणजे माझ्या हातून नव्हतं गेलं," टपालबाई म्हणाल्या.

"नाही."

"मी सॉर्टिंग सोडलं."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं तुला." तीस वर्षांत त्यांनी ताईंना कधी 'तू' म्हटलं नव्हतं. "दर रविवारी. समोर बसून. मी तुझ्या लेखकांचे काने-मात्रे बघत होते आणि माझी पानं तिथे, हाताभरावर." त्यांनी आपला उजवा हात वर धरून बघितला, जणू काय तो आत्ताच कुणीतरी परत आणून दिला होता. "या हाताला मी काय काय बोलले असेन!"

"मला बोला."

"तुला बोलून काय होणार? तू तर मान खाली घालून बसायला आधीच शिकलीस."

ते खरं होतं.

"भाषण मी करणार नाही," टपालबाई म्हणाल्या. "शनिवारी तू बोलायचंस. हेच. असंच. मी पहिल्या रांगेत बसणार."

"बोलेन."

"वळवळ करायची नाही. मामाच्या अंगावर ढकलायचं नाही."

"नाही ढकलणार."

टपालबाई खिडकीपाशी गेल्या, पाठ करून उभ्या राहिल्या. पानं छातीशी होती. ताईंना वाटलं, आता उठावं. त्या खुर्चीच्या हातावर भार देऊन उठल्याही.

"वाचलंस का तरी?"

"तेव्हा नाही," ताई म्हणाल्या. "सोमवारी वाचलं."

टपालबाईंनी खिडकीची कडी लावली, पुन्हा काढली.

"कसं आहे?"

पाठ तशीच होती, पण आवाज बदलला होता. तो त्या बेचाळीस-त्रेचाळीसच्या बुटक्या बाईचा आवाज होता, सुतळीने बांधलेला गठ्ठा टेबलावर ठेवून लाजलेल्या. खोटं गोड बोलणं सोपं होतं. पण या बाईशी एकदा खोटं बोलून झालं होतं.

"सुरुवातीचं घराचं वर्णन लांबलंय. अर्धं पान कापायला हवं," त्या म्हणाल्या. "बाकी मी छापलं असतं. पहिल्या दिवशी वाचलं असतं तर दुसऱ्या दिवशी जुळवायला घेतलं असतं. शहाण्णवांतली निम्मी पुस्तकं त्याच्यापुढे फिकी आहेत."

टपालबाईंनी पानांच्या कडा बोटांनी सरळ केल्या.

"एक विचारू?" ताई म्हणाल्या. "धाकटी शेवटी सांगते का, किल्ली आपल्याकडे आहे म्हणून?"

टपालबाई वळल्या. डोळे ओले होते, पण नजर करडी होती, चुकीचा पत्ता लिहून आणणाऱ्याकडे खिडकीतून बघायच्या तशी.

"ते मी तुला नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "वही आणलीयस ना? दे इकडे."

ताईंनी वही पुढे केली. टपालबाईंनी लाल पेन्सिल उचलली, शेवटचं कोरं पान काढलं, उभ्याउभ्याच काहीतरी लिहिलं, सही केली आणि वही मिटून परत दिली. दार उघडून धरलं. "सावकाश जा," एरवी नेहमी म्हणायच्या, तेवढं आज म्हणाल्या नाहीत.

पहिल्या वळणावर ताई थांबल्या. कठड्याला धरून त्यांनी वही उघडली. उजवीकडे झुकलेलं तेच बारीक अक्षर होतं, आता थोडं कापरं.

'११ पानं परत मिळाली. १२९ यायची आहेत.'

ताईंनी ते दोनदा वाचलं. मग वही पिशवीत घातली आणि शनिवारी पहिलं वाक्य काय बोलायचं ते मनाशी म्हणत एकेक पायरी उतरू लागल्या. 'मी एक हस्तलिखित न वाचता...' इथपर्यंत यायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.